खोपीतली बाळंतीण

टोकावडे,
१४ नोव्हेंबर १९९९

रत्ने,
सुखात राहा. दिनेशरावांना आणि तुझ्या सासूबाईंना, हिराबाईंना माझा नमस्कार सांग.

याही दिवाळीला तू आली नाहीस. एसटीचा आवाज आला की मी बांधावर जाऊन उभी राहायची. करंज्या तुझ्यासाठी राखल्या होत्या, त्या शेवटी पाहुण्यांना वाढल्या. त्यांना आवडल्या, पण मला काय त्याचं?

पाहुणे डोंबिवलीचे होते. नवरा-बायको, नवीनच लग्न झालेलं. आपल्या खोपीत पाय टाकल्या टाकल्या मुलगी म्हणते, "लाइट नाय? टीव्ही नाय? मग संध्याकाळी करायचं काय?" मी म्हणलं, "बसायचं." दोघं एकमेकांवर रुसून दोन कोपऱ्यांत बसली. सकाळी उंबरावर शेकरू आलं. भलीमोठी तांबूस खार, शेपूट हातभर. ते फळं खात बसलं आणि ही दोघं खाली तोंड वर करून एका गोधडीत. मग जायला तयार होईनात! उंबराचं एकही फळ मी उतरवू देत नाय, ते पाखरांचं. दगडी कुंडीत पाणी भरून ठेवते, तिथं भेकर येतं. आढ्याजवळचा झरोका उघडा ठेवते, त्यातून उदमांजर जातं-येतं. पाहुणे ओरडतात, मग त्यांना सवय होते. टेप वाजवायचा नाय, ओढ्यात साबण लावायचा नाय, एवढं पाळलं की बाकी काय मी कुणाला बोलत नाय.

जाताना ती मुलगी विचारते, "तुम्ही एकट्याच?" मी सांगितलं, नवरा लग्नानंतर लवकर गेला, म्हणून माहेरी आले. आई बहिणीला पाळण्यात ठेवून गेली होती, तिला मी वाढवलं. मग बापही गेला. बहीण वाशिंदला दिली. बापाची शेत राखायची खोपी होती, तीच कारवीच्या कुडाची, गवताच्या छपराची नीट बांधून घेतली आणि आल्यागेल्याला ठेवू लागले. एवढं सांगेपर्यंत त्यांची गाडी सुरू झाली.

हिराबाईंच्या मनात या वाटेची धास्ती आहे ते मला कळतं. त्या पावसाळ्यात ओढ्यानं आपल्याला पलीकडं जाऊ दिलं नाय. पण म्हणून तू कधीच यायचं नाय का गो?

धाब्यावरच्या फोनवर चार लोकांपुढं मला बोलता येत नाय. पत्रच लिही.

तुझी,
गिरजाताई


वाशिंद,
१० डिसेंबर १९९९

ताई,
तुझ्या पाया पडते.

आधी बातमी सांगते, नाहीतर बाकीचं लिहायला सुचायचं नाही. मला पाचवा लागलाय. तिसरा सरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही असं सासूबाईंनी बजावलं होतं. मग चौथ्यात माझीच जीभ रेटेना. दिवाळीला आले नाही ते यासाठी. तू बांधावर उभी राहत होतीस हे वाचलं आणि मी भांडी घासता घासता तशीच बसून राहिले.

ताई, मला बाळंतपणाला तुझ्याकडे यायचंय. पहिल्या खेपेला सातव्यात आले, कळा आल्या, ओढा भरलेला, आणि मी रिकाम्या ओटीनं परत आले. सासूबाई तेव्हापासून टोकावड्याचं नाव काढू देत नाहीत. त्यांनीही त्या बाळासाठी दुपटी शिवली होती. ती अजून पेटीत आहेत. मी त्यांना म्हटलं, "यंदा एप्रिलअखेरीस दिवस भरतात. तेव्हा ओढा कोरडा असतो." त्या नाही म्हणाल्या नाहीत.

इथं खोलीला एकच खिडकी. समोर नवीन बिल्डिंग उठलीय, तिनं होतं तेवढं आभाळ खाल्लं. दिवसभर कारखान्याचा भोंगा आणि मिक्सर. परवा कुणाच्या तरी गॅलरीत कुंडीवर एक बुलबुल बसला होता, मी पोळी करपेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले. मला घरात नाही, खोपीत झोपायचंय. तुझ्या पाहुण्यांसारखं. कुडाच्या भिंतीतून वारा येतो तो मला अंगावर घ्यायचाय.

हे म्हणाले, "फेब्रुवारीतल्या एका रविवारी जाऊन स्वतः बघतो. रस्ता कसा आहे, गाडी मिळते का. मग आईशी बोलतो." म्हणजे अर्धं काम झालं की नाही?

तुझी,
रत्ना


टोकावडे,
४ जानेवारी २०००

माझे बाय,
तुझं पत्र हौसानं वाटेतच पोस्टमनकडून घेतलं आणि पळत आणलं. तिला वाचता येत नाय, पण म्हणते, "कागद हातात घेतला तवाच कळलं, चांगलं हाय." हौसा आता रोजच माझ्याकडं असते, स्वयंपाकाला, पाणी भरायला. वाडीतल्या निम्म्या पोरांना तिनंच जगात आणलं, तेव्हा तिचा हात आहेच. आणि हातावर भरवसा नको म्हणून मी धाबेवाल्याची जीपही सांगून ठेवली. महिनाभर आमच्या बांधाशी उभी राहील. दिनेशरावांना हे सगळं दाखवते.

संक्रांतीनंतर मी पाहुणे घेणार नाय. एक निवृत्त हेडमास्तर दर वर्षी येतात, पक्ष्यांची नावं लिहून घेतात. ते रुसले. म्हणाले, "गिरजाबाई, शिमग्यापर्यंतचे दिवसच तर बघण्यासारखे." मी म्हणलं, "गुरुजी, यंदा खोपीत माझी रत्ना येणार." मग आपली दुर्बीणच ठेवून गेले, म्हणाले, तिला बसल्या जागेवरून बघता येईल.

कोपऱ्यात नवा पेंढा अंथरलाय, त्यावर तीन गोधड्या. आईची निळी पण आहे, तू जिचं टोक चोखत झोपायचीस ती. तुला उशाशी झरोका येईल असं केलंय. पहाटे शीळकरी बोलतो, अगदी माणसानं वाटेनं शीळ घालत जावं तसा. तो ऐकलास की तुला लहानपणचं सगळं आठवेल.

मी रात्री आता अंथरुणावर पडल्या पडल्या तुझ्याशीच बोलते. हौसा म्हणते, "थोडं ती आल्यावर बोलायला ठेव."

जप गो. जड उचलू नको.

तुझी,
ताई


वाशिंद,
१६ फेब्रुवारी २०००

ताई,
येत्या सत्तावीस तारखेच्या रविवारी हे येतायत. सकाळच्या गाडीनं कल्याण, तिथून मुरबाड, मग तुझी एसटी. दुपारपर्यंत स्टँडवर उतरतील. सासूबाई काल आपणहून म्हणाल्या, "दिनेशला बरं वाटलं तर बघू." ताई, 'बघू' म्हणाल्या! मी त्यांच्या पाठीमागे जाऊन पदराचा बोळा तोंडात धरून हसले.

यांना नाचणीची भाकर आणि खेकड्याचं कालवण घाल. आणि खोपीत झोपव थोडा वेळ. एकदा त्या गारव्यात डोळा लागला की यांचं मन तिथंच वळेल.

मला आंबाडीची भाजी खावीशी वाटते. इथं मिळते, पण तुझ्या हातची मिळत नाही. दिवस मोजत नाही म्हटलं तरी मोजले जातातच.

रत्ना


टोकावडे,
१ मार्च २०००

रत्ने,
दिनेशराव आले, भेटले. मी स्टँडवरच गेले होते. धाब्यावर जेवायला घातलं. त्यांना पुढं नेलं नाय, कारण खोपीचं छप्पर उतरवलंय. गवत सडलं होतं. सगळीकडं पसारा आहे, माणसाला बसवायलाही जागा नाय.

तू सध्या येण्याची घाई करू नको. छप्पर झालं की मी कळवीन. तोवर काय ठरवू नको आणि मोडूही नको.

आंबाडी वाळवून पाठवते.

ताई


वाशिंद,
८ मार्च २०००

ताईस,
यांनी सांगितलं ते तुला कळावं म्हणून लिहिते.

हे म्हणाले, छप्पर उतरवणाऱ्या बाईच्या केसांत गवताची एक काडी तरी असते. तुझं लुगडं धुतलेलं होतं. यांनी दोनदा म्हटलं, "ताई, लांबून तरी बघतो," तर तू वाट अडवून उभी राहिलीस. तेवढ्यात मुंबईची गाडी येऊन 'गिरजाबाईंची खोपी कुठे' विचारू लागली, तर तू त्यांच्याशी बाजूला जाऊन हळू आवाजात बोलत बसलीस आणि हात करून वाट दाखवलीस. त्यांना वाट दाखवलीस, यांना धाबा.

सासूबाईंनी एवढंच विचारलं, "बघितलंस का खोपी?" हे नाही म्हणाले. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, आत गेल्या. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुला पाहुणे हवेत, त्याला माझी ना नाही. एकटीनं उभं केलंस, ते चाललं पाहिजे. पण मग पेंढा अंथरला, गोधड्या घातल्या, हे कशाला लिहिलंस? मी त्या गोधडीचा वास आठवून रात्री काढल्या. तुला मी नको असेन तर सरळ लिहायचं होतंस. मी काय परकी आहे, की मला छपराचं कारण सांगावं?

आता पत्र पाठवू नकोस. माझ्यानं वाचवणार नाही.

रत्ना


टोकावडे,
२६ मार्च २०००

रत्ने,
नको म्हणालीस तरी लिहिते. हे वाच, मग हवं तर फाड.

तुझ्या खोपीत वाघीण व्यालीय.

वाडीत बिबट्यालाही वाघच म्हणतात, तुला ठाऊक आहे. दिनेशराव यायच्या आधीच्या आठवड्यात मी गोधड्यांना ऊन दाखवायला म्हणून गेले. दार लोटलं तर आतून असा आवाज आला, जसं कुणी तापल्या तव्यावर पाणी टाकलं. कोपऱ्यात, तुझ्या पेंढ्यावर, ती. पोटाशी दोन पिल्लं, डोळेही न उघडलेली. ती माझ्याकडं बघते, मी तिच्याकडं. मागून हौसानं माझा पदर धरला. पुटपुटली, "बाळंतीण हाय. पाय न वाजवता माघारी चल." तशा आमी उलट्या पावलांनी बांधापर्यंत आलो. उदमांजराचा झरोका मीच उघडा ठेवलेला, त्यातून उतरली असणार. महिनाभर माणूस नाय, आत नवा पेंढा, निवारा. तिला तरी याहून बरी जागा कुठं मिळायची?

हे मी दिनेशरावांना कसं दाखवणार होते? त्यांनी एकदा पाहिलं असतं की हिराबाईंनी जन्मात तुला इकडं धाडलं नसतं. वनखात्याचा गार्ड येऊन गेला, म्हणाला, जवळ जाऊ नका, थोड्या दिवसांत पिल्लं उचलून ती दुसरीकडं नेईल, त्या नेतातच. मी म्हणलं, नेऊ दे. मग सारवून, धुऊन तुला बोलवीन, तुला कधी कळणारही नाय. म्हणून छपराचं खोटं बोलले. ती मुंबईची गाडी कुठूनशी ऐकून फोटो काढायलाच आली होती. त्यांना मी माळशेजकडं हात केला, म्हणलं, वाघ घाटात गेला.

पण ती जाईना. शिमग्याच्या आधी धाऊची शेळी नेली. धाऊ आणि वाडीतले चारजण मिरच्या नि सुकं गवत घेऊन आले, धूर करून तिला हाकलणार म्हणून. मी वाटेत बसले. धाऊ म्हणाला, "गिरजे, उद्या आमचं पोर नेलं तर?" त्याचं खोटं नव्हतं. मी माझी शेळी त्याला दिली. म्हणलं, पोरांना सांज झाली की घरात घ्या, मी रोज वाटेवर राखणीला बसते. हौसा म्हणाली, "ओल्या बाळंतिणीला घरातनं काढाचं, ही काय आपली रीत हाय?" मग ते पांगले. आता मी हौसाच्या घरात झोपते आणि दिवसा लांब आंब्याखाली बसते.

दुर्बिणीतून दिसतं. संध्याकाळी ती दाराशी येऊन पिल्लांना चाटते. एक थोराड आहे, एक बारीक. बारीक सारखं निळ्या गोधडीचं टोक ओढत असतं. तेव्हा मला काय होतं ते मी लिहीत नाय.

ती जागा तुझी होती. तिथं दुसरी बाळंतीण बघते नि तुझी वाट बघते. हे असं आहे बघ.

गिरजाताई


वाशिंद,
५ एप्रिल २०००, पाडवा

ताई, ताई,
तुझं पत्र मी आधी एकटीनं वाचलं, मग यांना वाचून दाखवलं. 'तुझ्या खोपीत वाघीण व्यालीय' म्हणताना मला हसू येत होतं आणि नाक पुसायला पदर अपुरा पडत होता. हे बराच वेळ चपलेच्या अंगठ्याशी खेळत बसले. मग म्हणाले, "मी तिथं उगाच ताठ्यात निघून आलो. त्यांनी डब्यात भाकर बांधून दिली होती, ती मी मुरबाडला कुत्र्याला घातली." तुला सांगू नको म्हणाले, तरी सांगते.

आणि सासूबाई! मला वाटलं, आता संपलंच. त्या ऐकत होत्या, भाजी निवडत. म्हणाल्या, "किती पिल्लं?" मी म्हटलं, दोन. "दूध पुरतं का तिला?" आता रोज सकाळी विचारतात, "गिरजाचं पत्र आलं का? वाघिणीचं काय?"

पण तिकडे धाडायला नाहीच म्हणाल्या. आणि डॉक्टरही आता एसटीचा प्रवास नको म्हणतात. पाय सुजलेत, पडून राहायला सांगितलंय. तेव्हा ते राहिलं, ताई. मी खोपीत यायचं राहिलं.

तूच ये ना. ठाऊक आहे, तू कधी पाहुण्यांनाही टाकून मुरबाडच्या पुढे गेली नाहीस. ठाऊक आहे, तू उठलीस की लोक धूर करतील. ती एकटी आहे, तिला कोण आहे, हेही कळतं. पण ताई, मला भीती वाटते. मागच्या वेळी तू माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होतीस, म्हणून मी जिवंत परत आले. या वेळी त्या पांढऱ्या खोलीत माझ्या डोक्याखाली काय असेल?

सासूबाई म्हणतात, लिही तिला, मी बोलावलंय म्हणून.

रत्ना


टोकावडे,
११ एप्रिल २०००

रत्ने,
येते.

तुझं पत्र घेऊन मी सगळी दुपार आंब्याखाली बसले. उठवेना आणि बसवेना. धाऊ शेळ्या घेऊन आला, विचारलं, "काय गो, कोन गेलं?" मी सांगितलं. तो म्हणाला, "तू जा. बहीन पहिली. वाटेवर मी बसतो." मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिले, तर म्हणाला, "बसतो म्हनलं ना. आता गेली तर शेळी माझीच जाईल, राखाया नको?"

शुक्रवारच्या गाडीनं निघते. हिराबाईंना सांग, मेथीचे लाडू मी करून आणते. निळी गोधडी तेवढी आणता येणार नाय.

ताई


टोकावडे,
१८ मे २०००

रत्ने,
मनस्वीला माझे मुके. नाव तोंडात बसायला वेळ लागतो, पण बसेल. नीट पोहोचले.

तिथून निघताना हिराबाई रिक्षापर्यंत आल्या. दवाखान्यात तुझ्या कळा चालू होत्या, तेव्हा आमी दोघी बाकड्यावर बसलो होतो, त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. पोरीचं रडणं ऐकू आलं तेव्हा त्या मला म्हणाल्या, "गिरजा, मागच्या वेळी मी तुला भेटायला यायला हवं होतं." तुला हे ठाऊक असावं म्हणून लिहिलं.

आता इथलं. यापुढं तुझ्यापासून काय लपवायचं नाय असं ठरवलंय.

खोपी जळाली.

मी तुझ्याकडं असतानाच वणवा लागला. डोंगरावरचं वाळलं गवत कुठून पेटलं कुणाला ठाऊक नाय. भरदुपारी वारा फिरला आणि आग उतारानं खाली आली. मला निरोप का धाडला नाय विचारलं, तर धाऊ म्हणाला, "बाळंतिनीच्या घरी असला सांगावा कोन नेतो?" वाडीतली झाडून सगळी माणसं डहाळ्या घेऊन आग झोडायला धावली. ज्यांनी मिरच्या आणल्या होत्या तेच पुढं होते. धाऊची भुवई नि हात भाजलाय.

वाघीण बाहेर होती. इतक्या माणसांत, दिवसाउजेडी, ती धावत आली. हौसा म्हणते, कुणाकडं बघितलंसुद्धा नाय. आत गेली, थोराड पिल्लू मानेला धरून ओढ्यापलीकडं घेऊन गेली. माणसं डहाळ्या खाली टाकून बाजूला झाली. मग ती परत आली. तोवर छपरानं पेट घेतला होता. तरी आत शिरली. वाडीतला मंगळू म्हणतो, मागच्या कुडातून ती बाहेर पडली, तोंडात पिल्लू होतं, धुरातून त्यानं स्वतः पाहिलं. हौसा तिथंच उभी होती, तिला काय दिसलं नाय. ती खोटं बोलत नाय, आणि मंगळूही बोलत नाय.

मी राख चाळली. बोटांनी, सगळी, कोपरान्‌कोपरा. काय सापडलं नाय. तेवढंच धरून बसलेय.

आता तिथं काळा चौकोन आहे. उंबराची एक बाजू होरपळलीय. संध्याकाळी मी सवयीनं आंब्याखाली जाते. दुर्बीण घेऊन जाते. हौसा सोबत येऊन बसते.

तुझ्याकडं होते तेव्हा मला इथली ओढ होती. आता इथं आहे, तर तुझ्या त्या एका खिडकीच्या खोलीत पोरीला तेल लावावं असं वाटतं. माणसाला कुठं ठेवायचं तेच कळत नाय.

ताई


वाशिंद,
१२ जून २०००

ताई,
पत्र आलं तेव्हा मनस्वी अंगावर पीत होती. वाचता वाचता मी तिला इतकी आवळली की ती रडायला लागली. सासूबाईंनी तिला घेतलं आणि म्हणाल्या, "पुढचं वाच." मी राखेचं वाचलं. त्या बाळाला खांद्यावर घेऊन गॅलरीत गेल्या, बराच वेळ आल्या नाहीत.

मंगळूनं पाहिलं ते खरं. मी त्याच्याच बाजूनं आहे.

तू परत बांधणार की नाही, ते लिहिलं नाहीस. म्हणजे बांधणार नाहीस. मला तुझं न लिहिलेलं वाचता येतं आता, एकदा चुकले ते पुरे. ताई, बांध. हे म्हणतात, पाऊस उघडला की दिवाळीला रजा काढतो, कारवी तोडायला, कूड विणायला मी येतो, कसं करायचं ते ताईंनी सांगावं. यांनी आयुष्यात लाकूड तोडलेलं नाही, तेव्हा तू एखादा माणूस हाताशी ठेव.

आणि सासूबाई सकाळी म्हणाल्या, "पोरीला माहेर दाखवायला पाहिजे की नको? माझी गोळ्यांची पिशवी भरून ठेव. मी पण येते."

रत्ना


टोकावडे,
९ नोव्हेंबर २०००

रत्ने,
मनस्वीच्या आई,

तुमी गेल्याला आठवडा झाला. पोहोचल्याचं पत्र मिळालं. दिनेशरावांच्या हाताचे फोड बरे झाले हे वाचून बरं वाटलं. त्यांनी विणलेला कूड थोडा तिरका आहे, मंगळू सरळ करायला निघाला होता, मी त्याला हात लावू दिला नाय.

हिराबाईंना सांग, त्यांनी दारात काढलेली रांगोळी अजून थोडी आहे. पहिल्या संध्याकाळी त्या घरात झोपणार म्हणाल्या, खोपीत नको. नि दुसऱ्या सकाळी मी बघते तर पोरीच्या शेजारी खोपीत, तोंड उघडं टाकून गाढ. मी हौसाला बोलावून दाखवलं. आमी दोघी दाराशी उभ्या राहून तोंड दाबून हसलो.

तू विचारलंस, ती परत दिसली का. नाय. धाऊनं ओढ्यापलीकडं चिखलात पाऊल पाहिलं म्हणे, मोठं, आणि बाजूला लहान. एक की दोन, ते त्याला उमगलं नाय. त्यात पाणी भरत होतं, दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं तर पुसलेलं. पाण्याची कुंडी भरून ठेवते. भेकर येतं, मोर येतो. झरोका या खोपीलाही ठेवलाय.

पाहुणे गेले की मी दुसऱ्याच दिवशी जमीन सारवते. पेंढा झटकते, गोधड्या धुते, म्हणजे येणाऱ्याला जागा कोरी मिळते. इतकी वर्षं तसंच केलं. तुमी गेलात त्या दिवशी हौसा शेण घेऊन आली, मी म्हणलं, उद्या. दुसऱ्या दिवशीही उद्या म्हणलं. पोरगी जिथं पालथी पडायची तिथं मातीत तिच्या पायाच्या बोटांनी उकरलेलं आहे, बघितलंस तर दिसणारही नाय. मला दिसतं. उशीला तेलाचा वास आहे.

काल कल्याणचं एक म्हातारं जोडपं आलं. भली माणसं होती, एसटीनं आलेली, हातात पिशव्या. हेडमास्तरांनी पत्ता दिला म्हणाले. बाईंनी खोपी बाहेरून पाहिली, कुडावर हात फिरवला, म्हणाल्या, "दोन दिवस राहू द्याल का?"

खोपी सताड रिकामी होती. दार उघडं होतं, आतलं सगळं त्यांना दिसत होतं.

मी म्हणलं, "नाय हो. भरलीय."

त्यांनी आत पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मी त्यांना घरात नेलं, माझी खोली दिली, जेवायला घातलं. आज सकाळी ते उंबराखाली शेकरू बघत बसलेत आणि मी खोपीच्या उंबरठ्यावर बसून हे लिहितेय.

हौसा शेण कालवून वाट बघतेय. तिला सांगितलं, अजून दोन दिवस थांब.

तुझी,
ताई